खपलीची हाक

लहानपणी खेळताना गुडघा फुटला की आमची आजी जखमेवर आपली थुंकी लावी आणि म्हणे, "उद्या खपली धरेल हो!" आणि खपली धरेच. पुढे मधुमेहाने माझ्या आईच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, तिने मात्र पाच महिने खपली धरली नाही. अखेर अंगठा काढावा लागला. एक जखम आपोआप सांधते आणि दुसरी का नाही? मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. शास्त्र मला परके. पण उत्तर शोधता शोधता जो इतिहास हाती लागला, तो मोठा हृद्य आहे.

इटलीत 1938 साली मुसोलिनीने ज्यूंविरुद्ध कायदे केले आणि तुरीनच्या रीता लेव्ही-मोंताल्चिनी या तरुण डॉक्टरीणबाईंना विद्यापीठाचे दार बंद झाले. बाईंनी निजायच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून हत्यारे केली आणि कोंबडीच्या अंड्यांतले गर्भ तपासले. बाँब पडू लागले तेव्हा खेड्यात जाऊन तेच काम चालू ठेवले. 1947 साली त्या अमेरिकेत सेंट लुईला गेल्या. पुढे त्यांना दिसले की, उंदराच्या एका गाठीतून काहीतरी पाझरते आणि त्यामुळे मज्जातंतू सूर्यकिरणांसारखे फुटतात.

ते 'काहीतरी' शोधण्यासाठी 1953 साली स्टॅन्ली कोहेन हे रसायनज्ञ त्यांना येऊन मिळाले. अर्क तपासताना त्यांनी सापाचे विष वापरले, तर विषातच ते द्रव्य कितीतरी अधिक निघाले! सापाची विषग्रंथी ही लाळग्रंथीचाच प्रकार. म्हणून कोहेन उंदराच्या लाळग्रंथीकडे वळले. तिचा अर्क टोचलेल्या नवजात पिलांचे डोळे 13-14 दिवसांऐवजी 7 दिवसांतच उघडू लागले. कातडीच्या पेशी वाढवणारा हा दुसराच वर्धक घटक होता. 1986 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा घटक माणसाच्या लाळेतही असतो, हे वाचले आणि आजी आठवली. अर्थात तोंडात जंतूही असतात. म्हणून जखमेवर थुंकी लावू नये, हेच खरे. पुढे 1974 साली रसेल रॉस यांनी दाखवले की, रक्तातील प्लेटलेट कणांतूनही पेशी वाढवणारे द्रव्य सुटते. म्हणजे रक्त साकळून धरलेली खपली नुसते झाकण नव्हे. भोवतालच्या पेशींना घातलेली ती हाक असते. मधुमेहाच्या जुनाट जखमेत ही द्रव्ये कमी पडतात किंवा तेथेच नष्ट होतात. हाक पोचत नाही. 1997 साली अमेरिकेत याच द्रव्याचे मलम मधुमेहींच्या पायांवरील जखमांसाठी मंजूर झाले. मात्र रक्तपुरवठा नसेल तर मलम तरी काय करणार?

परवा आईला मी हे सारे सांगितले. तिने विचारले, "त्या बाईंचं पुढं काय झालं रे?" म्हटले, "2012 साली गेल्या. 103 वर्षांच्या होऊन."

"भरली म्हणायची तिची जखम," आई म्हणाली.

आता रोज रात्री मी आईचे तळपाय दिव्यापाशी न्याहाळतो. जखम चिघळण्याआधी दिसावी, एवढे शास्त्र मला जमते.