दुहेरी राज्यव्यवस्था, एकेरी नागरिकत्व

सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत गणेशोत्सव, नाटके आणि कोजागरीच्या आठवणी इतर मंडळी लिहितीलच. आम्ही वाचकांचे लक्ष एका रुक्ष समजल्या जाणाऱ्या विषयाकडे वेधू इच्छितो. तो विषय नागरिकशास्त्राचा आहे. महाराष्ट्रापासून इतक्या दूर राहून आपण ज्या हक्काने येथे मत देतो, नोकरी करतो आणि घर बांधतो, त्या हक्काचा इतिहास एका मराठी विद्यार्थ्याच्या अभ्यासापर्यंत आणि तेथून थेट अमेरिकेपर्यंत जाऊन पोहोचतो.

अमेरिकेच्या लोकशाहीकडे डोळसपणे पाहण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनीच आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९१३ मध्ये, सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

ते वर्ष अमेरिकेच्या अर्थकारणात मोठे महत्त्वाचे होते. तेथे घटक राज्ये आधीची आणि संघराज्य नंतरचे. त्यामुळे संघ सरकारने कोणता कर बसवावा यावर राज्यघटनेनेच बंधने घातली होती, आणि १८९५ साली सर्वोच्च न्यायालयाने संघाचा प्राप्तिकर घटनाबाह्य ठरविला होता. १९१३ मध्ये सोळावी घटनादुरुस्ती झाली व हा मार्ग मोकळा झाला. प्राप्तिकराचे नामवंत अभ्यासक प्रा. एडविन सेलिग्मन हेच कोलंबियात आंबेडकरांचे गुरू होते. पैसा कोणी गोळा करावा, कोणी खर्च करावा आणि त्याचा जाब कोणी कोणाला द्यावा, हा प्रश्न तेथे त्या काळी ऐरणीवर होता.

हाच प्रश्न आंबेडकरांनी हिंदुस्थानला लावला. १८३३ च्या कायद्याने सारा वसूल कलकत्त्याच्या सरकारच्या हाती एकवटला. १८७१ पासून प्रांतांना आधी ठरावीक रकमा, मग काही उत्पन्नाच्या बाबी, आणि पुढे वसुलात वाटा अशी सोय होत गेली. वरवर पाहता ही प्रांतांची स्वायत्तता वाटे. तथापि प्रांत हे मध्यवर्ती सरकारची खातीच राहिले होते, त्यांचा स्वतःचा म्हणावा असा खजिना नव्हता, हे आंबेडकरांनी साधार दाखवून दिले. १९२५ साली लंडनहून प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाला सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली. तो सयाजीरावांना अर्पण केलेला आहे.

पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा सभागृहापुढे मांडताना डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेशी सविस्तर तुलना केली. केंद्र आणि राज्ये अशी दुहेरी व्यवस्था दोन्हीकडे आहे. परंतु अमेरिकेत नागरिकत्वही दुहेरी आहे, एक संघाचे व एक राज्याचे, आणि काही बाबतींत तेथील राज्ये आपल्या नागरिकांना झुकते माप देऊ शकतात. भारतात नागरिकत्व एकच. त्याच्या जोडीला त्यांनी एकच न्यायव्यवस्था, मूलभूत कायद्यांची एकरूपता आणि मोठ्या पदांसाठी अखिल भारतीय सेवा यांचा उल्लेख केला. सरकारी बदलीच्या हुकुमावर सामान बांधून या शहरात उतरलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना या विचाराचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता आपल्या या नगरीकडे वळू. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना झाली आणि चंदीगड केंद्रशासित प्रदेश झाला. दोन राज्यांची राजधानी असूनही येथे विधानसभा नाही. 'आपला मुख्यमंत्री कोण?' असे मंडळातील मुले विचारतात, तेव्हा 'कोणीच नाही' हेच खरे उत्तर असते. पंजाबचे राज्यपाल येथील प्रशासक असतात, आणि येथला खर्च केंद्राच्या अर्थसंकल्पातून मंजूर होतो. केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा वित्त आयोग ठरवितो. पंधराव्या आयोगाने तो ४१ टक्के ठरविला. त्या वाटपात चंदीगडचे नाव नसते. महानगरपालिका आली तीही १९९० च्या दशकात.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन हिची स्थितीही काहीशी अशीच आहे. तेथील रहिवाशांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत मिळाले ते १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने, आणि प्रतिनिधिगृहातील त्यांच्या सदस्याला सभागृहात अंतिम मतदानाचा अधिकार आजही नाही. प्रतिनिधित्वावाचून कर नको, या तत्त्वावर जो देश स्वतंत्र झाला त्याच्याच राजधानीत २००० सालापासून मोटारींच्या क्रमांकपट्ट्यांवर ही तक्रार छापलेली दिसते. या बाबतीत आपण सुदैवी आहोत. १९६७ पासून चंदीगडचा एक खासदार लोकसभेत पूर्ण अधिकाराने मत देतो, आणि आपण मराठी मंडळीही त्याला पंजाबी शेजाऱ्याच्या बरोबरीने निवडतो.

परंतु एकेरी नागरिकत्व कागदावर लिहून टिकत नसते. हरियाणाने खाजगी क्षेत्रातील दरमहा ३०,००० रुपयांपर्यंतच्या ७५ टक्के जागा स्थानिकांसाठी राखून ठेवणारा कायदा केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच शहरातील उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. तो निकाल ऐकून आपल्यापैकी ज्यांची मुले गुडगाव-पंचकुल्यात नोकरी करतात, त्यांना हायसे वाटले असेल. मात्र मुंबईत १९६० च्या दशकापासून 'भूमिपुत्र' या शब्दाने जे राजकारण झाले, त्याकडे पाहतानाही आपण हेच माप वापरतो काय? स्थानिक तरुणाची बेकारी खरी असते, त्याची व्यथाही खरी असते. ती आम्ही नाकारीत नाही. परंतु येथे आपण जो हक्क बजावतो, तोच दादर-ठाण्यात उतरणाऱ्या पंजाबी वा बिहारी माणसाचाही आहे. परप्रांतात पन्नास वर्षे संसार केलेल्या मराठी समाजाने हे आपल्या आप्तेष्टांना सांगितले नाही, तर दुसरे कोण सांगणार?

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून डॉ. आंबेडकरांच्या इंग्रजी लेखनाचे आणि भाषणांचे खंड प्रसिद्ध केले. प्रांतिक अर्थकारणावरील ग्रंथ सहाव्या खंडात आहे, घटनासमितीतील भाषणे तेराव्या खंडात. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाने निदान हे दोन खंड ग्रंथालयात ठेवावेत आणि दर प्रजासत्ताकदिनी मुलांकडून त्यांतील चार पाने वाचून घ्यावीत, अशी आमची विनंती आहे.