परतीचे तिकीट : अल वक्र्याहून

स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवा, असा निरोप आला तेव्हा आम्ही अल वक्र्याच्या बंदराजवळ मासळी घेत होतो. इथे सुरमईला कनाद म्हणतात. घरी आल्यावर लिहायला बसलो, पण आगमनाच्या शताब्दीला आम्ही कोणत्या आगमनाविषयी लिहावे, हेच सुचेना. पणजोबांच्या की आमच्या?

आमचे घर कास्काव्हेलचे. पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईमार्गे गेले. आपल्यातल्या पुष्कळ घरांप्रमाणे आमचीही वाट या शताब्दीपेक्षा जुनी आहे. त्यांच्या तिकिटाची नक्कल आम्ही जपून ठेवली आहे. नाव, क्रमांक आणि कॅमेऱ्याकडे रागाने पाहणारा चेहरा. करार संपलेल्या मजुरानेही ते छायाचित्राचे तिकीट सतत जवळ बाळगावे, असा मॉरिशसचा 1867 चा कायदा होता. रस्त्यात पोलिसाने अडवले आणि तिकीट नसले, तर माणूस भटक्या ठरून तुरुंगात जाई. आमच्या पाकिटातही नाव, क्रमांक आणि चेहरा असलेले एक कार्ड असते. कतारचे रहिवासी कार्ड. त्याच्यावाचून बँक नाही, घर नाही, दवाखाना नाही. ही तुलना कुणालाही सुचेल. पण ती तिथेच सोडली तर चुकीची ठरेल, म्हणून थोडे खोलात जातो.

अल वक्रा हे दोह्याच्या दक्षिणेला, पंधराएक किलोमीटरवरचे गाव. गाव म्हणायचे ते सवयीने, आता शहरच आहे. त्याच्याही दक्षिणेला मेसईदचे कारखाने आणि तेलाचे बंदर. कतारचे तेल 1949 पासून तिथूनच परदेशी जाऊ लागले. दोह्यात भाडे परवडत नाही आणि काम मेसईदला, अशा कुटुंबांनी मधले हे गाव धरले. आम्हीही तसेच आलो. 2019 च्या मे महिन्यात मेट्रोची लाल मार्गिका इथपर्यंत आली आणि दोन रियालमध्ये दोह्याला जाता येऊ लागले. त्याच महिन्यात गलबताच्या शिडांसारखे दिसणारे अल जनूब स्टेडियम उघडले.

अलीकडे परदेशात स्वस्तात राहण्याची फार चर्चा असते. आमच्या ओळखीची मंडळी नैरोबी, कंपाला यांची नावे घेतात. राजधानीचे शहर, हवा चांगली, खर्च कमी. पगार बाहेरून येत असेल तर हिशेब बरोबर आहे. पण नैरोबी वसली ती 1899 मध्ये, युगांडा रेल्वेचा तळ म्हणून. त्या रेल्वेसाठी हिंदुस्थानातून सुमारे 32 हजार मजूर करारावर नेले होते, बहुतेक पंजाबचे. अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. करार संपल्यावर बहुतेक जण परतले आणि साडेसहा-सात हजार राहिले. राहिलेल्यांत आणि त्यांच्यामागून आलेल्या व्यापाऱ्यांत आजच्या तिथल्या हिंदी वस्तीचे मूळ आहे. 1972 मध्ये युगांडाने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. तेव्हा शहर स्वस्त आहे की महाग, हे कुणी विचारले नाही.

अल वक्र्यात राहूनही असेच झाले. भाडे किती, मासळी किती, शाळेची फी किती, हे आम्ही आधी पाहिले. इथे राहता किती काळ येईल, हा प्रश्न फार उशिरा पडला.

या गावाचा जुना धंदा मोत्यांचा. उन्हाळ्याचे महिने गलबते समुद्रात असत आणि मोती विकायला मुंबईला जात. आखाती मोत्यांची मोठी पेठ मुंबईच होती. पाणबुड्याला हंगामाआधी नाखव्याकडून उचल मिळे. हंगामाची कमाई उचलीपेक्षा कमी पडली की कर्ज पुढच्या हंगामावर जाई आणि बाप मेला की मुलाच्या डोक्यावर बसे. पाणबुड्यांत पूर्व आफ्रिकेतून आणलेले गुलामही होते. कतारमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती 1952 मध्ये. दोह्याच्या मशैरिब भागात बिन जेलमूद नावाचे जुने घर आहे, तिथे हिंदी महासागरातल्या गुलामगिरीचे संग्रहालय केले आहे. आम्ही ते पाहायला गेलो तेव्हा आप्रवासी घाटाच्या पायऱ्यांची आठवण झाली. मॉरिशसमध्येही आपली माणसे मुक्त झालेल्या गुलामांच्या जागी उसाच्या मळ्यांत आणली गेली होती. एकाच समुद्राच्या दोन काठांवर एकच गरज निरनिराळ्या नावांनी भागवली जात होती.

रुपयाचीही एक गंमत सांगायला हवी. आपल्या माणसांच्या मागोमाग रुपया मॉरिशसला गेला आणि 1877 च्या सुमारास तेच तिथले चलन ठरले. तोच रुपया कतारमध्येही 1966 पर्यंत चालत होता. शेवटची काही वर्षे हिंदुस्थान सरकारने आखातासाठी निराळा छापलेला. 1966 मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि इथल्या लोकांनी तो सोडला. इथे आमच्याआधी आमचे नाणे येऊन गेले होते.

आता तिकिटाविषयी. पणजोबांच्या पिढीचा करार मॉरिशसमध्ये पाच रुपये महिन्यापासून सुरू झाला. धान्य, कपडा, राहायला खोली वेगळी. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी कापत. ही दुहेरी कपात आपल्या घरोघरच्या गोष्टींत अजून ऐकू येते. सुरुवातीच्या करारांत पाच वर्षांनंतर परतीचा प्रवास फुकट असे. मळेवाल्यांना तो खर्च नको होता आणि सरावलेला मजूर हातचा जायला नको होता. 1850 च्या दशकाच्या सुरुवातीला ते फुकट तिकीट काढून घेण्यात आले. पुष्कळ जण राहिले. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचा भाव पडल्यावर मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे करून विकल्या आणि साठवलेल्या पैशांतून आपल्या लोकांनी त्या घेतल्या. तिकीट काढून घेतले त्यात दया नव्हती. पण त्यातूनच वस्ती झाली, देवळे झाली, आणि आज शताब्दी साजरी करायला माणसे आहेत.

कतारमध्ये नेमके उलट आहे. 2004 च्या कामगार कायद्याप्रमाणे नोकरी संपली की कामगाराला मायदेशी पाठवण्याचा खर्च मालकाने करायचा. वर्षाला किमान तीन आठवड्यांच्या मूळ पगाराइतकी रक्कमही सेवा संपताना मिळते. परतीचे तिकीट पक्के आहे. ते इतके पक्के आहे की राहण्याची वाट जवळपास बंदच होते. नोकरी गेली की रहिवासाचा आधार गेला. 2018 मध्ये कायमच्या वास्तव्याचा कायदा झाला. बाहेर जन्मलेल्या माणसाला त्यासाठी वीस वर्षांचे वास्तव्य लागते आणि वर्षाला शंभरांपेक्षा जास्त परवाने देत नाहीत. आमच्या एका इमारतीतच तेवढी माणसे राहतात.

सगळे एकाच रंगाने रंगवू नये. करारबद्ध मजुरीविरुद्ध नामदार गोखल्यांनी 1912 मध्ये कायदेमंडळात ठराव मांडला, तो नापास झाला आणि भरती थांबायला 1917 उजाडले. इथे कफाला पद्धतीला धक्का लागला तोही हळूहळूच. 2018 मध्ये बहुतेक कामगारांसाठी देशाबाहेर जायला मालकाची परवानगी लागेनाशी झाली, 2020 मध्ये नोकरी बदलायला त्याचे ना हरकत पत्र लागेनासे झाले आणि मार्च 2021 पासून किमान मूळ वेतन एक हजार रियाल ठरले. मालकाने जागा आणि जेवण दिले नाही तर त्यावर पाचशे आणि तीनशे. गिरमिटियाला यातले काहीच नव्हते. आम्ही तर कुटुंब आणता येईल इतक्या पगाराचे लोक. आमची गिरमिटियांशी बरोबरी आमच्या पणजोबांनी हसण्यावारी नेली असती.

पण कुटुंब आणता न येणारेही इथेच आहेत. 2010 च्या कायद्याने कामगारांची सामूहिक निवासस्थाने कुटुंबांच्या वस्तीत ठेवायला मनाई आहे. त्यामुळे आमच्या जिन्यावर ते दिसत नाहीत. दिसतात पहाटे मेसईदकडे जाणाऱ्या बसच्या खिडकीत, झोपलेले. आपल्या पूर्वजांच्या जहाजांवर पुढे पुढे पुरुषांच्या प्रमाणात बायका असल्याच पाहिजेत असा नियम झाला. तो मळ्यांच्या सोयीसाठी होता, पण त्यामुळे घरे झाली. त्या बसमधल्या माणसांची घरे दुसरीकडेच होतात, पाठवलेल्या पैशांतून.

गणपती आम्ही घरातच बसवतो. इथे देऊळ नाही. दार लावून आरती होते आणि विसर्जन बादलीत. मॉरिशसमध्ये त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते आणि मिरवणूक समुद्रावर जाते, हे शेजारच्या रत्नागिरीच्या वहिनींना सांगितले तर त्यांना खरे वाटेना. त्यांनी झाकरीचा व्हिडिओ पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, ही तर आमची जाखडी!" मग त्यांनी आमच्या पणजोबांचे गाव विचारले. आम्हाला जिल्हा माहीत होता, गावाचे नाव कागदावर नीट वाचता येत नव्हते. मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत मूळ नोंद असेल, ती यंदा काढायची आहे. वहिनींना तालुका कळला की पुढचे त्या शोधणार आहेत.

आमच्या मुलीने शाळेत लिहायच्या तक्त्यात 'मूळ गाव' या रकान्यात अल वक्रा लिहिले. ती तीन वर्षांची असताना आली. बाईंनी तांबड्या शाईने खोडून 'मॉरिशस' केले. आम्ही दोघांनी तो तक्ता पाहिला आणि काही बोललो नाही.

आमच्या रहिवासी कार्डाचे नूतनीकरण मार्चमध्ये आहे. ते झाले तर गणपतीला कास्काव्हेलला येतो. मूर्ती न्यायच्या गाडीत तीन जागा ठेवा.