थंडीतला वेग : फ्रँकफुर्टच्या रस्त्यावरील एक सकाळ



वेगाचा इतिहास सांगतांना आपण बहुधा आंकडे सांगतों आणि त्या आंकड्यांमागचीं माणसें विसरतों. आज मी ज्या दिवसाविषयीं बोलणार आहें तो २८ जानेवारी १९३८ हा होय. त्या दिवशीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट व डार्मस्टाट या शहरांमधील मोटाररस्त्यावर एका सकाळींत दोन मोटारी धांवल्या. एकीनें विक्रम केला. दुसरी परत आली नाहीं.

या दोन्ही मोटारींच्या अंगीं जें बळ होतें, त्याचें गमक सुपरचार्जर या यंत्रांत होतें. लोहाराचा भाता आपण सर्वांनीं पाहिला आहे. निखारा नुसता ठेवला तर मंद जळतो. भात्यानें वारा दिला कीं तोच निखारा लोखंडाला लाल करतो. इंजिनाचेंहि तसेंच आहे. सिलिंडरांत जितकी हवा शिरेल, तितकेंच इंधन तेथें जळूं शकतें. ही हवा जोरानें कोंबणारा भाता म्हणजे सुपरचार्जर. अमेरिकेंतील इंडियाना प्रांताच्या रूट्स बंधूंनीं १८६० सालीं ज्या हवा लोटणाऱ्या यंत्राचा हक्क नोंदविला, तें पुढें भट्ट्यांना वारा देऊं लागलें. आणि कालांतरानें त्याच जातीचा भाता मोटारीच्या इंजिनावर चढला. आपल्याकडेहि या यंत्राचे चाहते होतेच. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांच्या संग्रहांतील ड्यूसेनबर्ग मोटार याच प्रकारची होती.

पण माळव्यांतील ऊन निराळें आणि जर्मनींतील जानेवारी निराळा. थंडी हें अशा इंजिनाचें मोठें दुखणें. पहिली अडचण इंधनाची. त्या काळच्या शर्यतीच्या मोटारींत मेथिल अल्कोहोलाचें प्रमाण पुष्कळ असे. तें उडून वाफ होतांना पेट्रोलच्या सुमारें तिप्पट उष्णता शोषून घेतें. दाबल्यामुळें तापलेली हवा त्यानें थंड होते, म्हणून भर वेगांत हा गुण अमोल ठरतो. परंतु सुरुवातीला तोच गुण दोष होतो. सुमारें ११ अंश सेंटिग्रेडच्या खालीं या द्रवाची पेट घेण्याइतकी वाफच होत नाहीं. ठिणगी पडते, पण पेटायला कांहीं नसतें.

दुसरी अडचण तेलाची. शर्यतीच्या इंजिनांत एरंडेलाच्या आधारानें केलेलें वंगण सर्रास वापरीत. आपल्या घरांतील एरंडेल पौषांत कसें दाटतें, हें गृहिणींना सांगावयास नको. असें दाट तेल बारीक वाटांनीं वेळेवर पोंचत नाहीं, आणि धातूवर धातू घासला जाऊन इंजिनाचा नाश होतो. तिसरी अडचण ठिणगीच्या प्लगांची. भर वेगांत टिकणारा प्लग थंड इंजिनांत लवकर मळतो. आणि थंडींत न मळणारा प्लग भर वेगांत वितळण्याची भीति असते.

यावर कारागिरांनीं शोधलेला उपाय साधा होता. आधीं एका जातीचे प्लग बसवून इंजिन हळूहळू तापवावयाचें. मग तें बंद करून सगळे प्लग काढावयाचे आणि शर्यतीचे प्लग बसवावयाचे. बारा सिलिंडरांच्या इंजिनावर, बोटें गारठलेलीं असतांना, हें काम किती चिकाटीचें असेल याची कल्पना करावी. इंजिन अडखळलें तर दोष शोधण्याची रीतहि ठरलेली होती : आधीं तेल, मग ठिणगी, मग हवा व इंधन यांचें मिश्रण, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानें आला हें कळत नाहीं. वैद्यकशास्त्राला आणि गणिताच्या वर्गाला जो नियम लागू, तोच येथेंहि लागू.

आतां त्या दिवसाकडे वळूं. ऑक्टोबर १९३७ मध्यें याच रस्त्यावर मर्सिडीझ कंपनीची विक्रमी मोटार अपयशी ठरली होती. ताशीं ४०० किलोमीटरच्या आसपास तिचीं पुढचीं चाकें जमिनीवरून उचललीं जाऊं लागलीं. प्रतिस्पर्धी ऑटो युनियनच्या बर्न्ट रोझमायरनें मात्र त्याच सप्ताहांत ४०० ची मर्यादा ओलांडली. मर्सिडीझच्या तंत्रज्ञांनीं दोष इंजिनांत शोधला नाहीं. तो हवेंत होता. त्यांनीं बाह्यांगाचा आकार बदलला, नाकाडावरील मोठें तोंड बंद केलें आणि इंजिनाच्या श्वासापुरतीं दोन लहान नाकपुड्यांसारखीं भोकें ठेविलीं. मग इंजिन निवावें कसें? त्यांनीं रेडिएटर बर्फाच्या पेटींत बसविला. ऐन हिवाळ्यांत मोटारींत बर्फ भरावा ही गोष्ट प्रथम हास्यास्पद वाटते. परंतु बाहेरची थंड हवा आंत घ्यावयाची तर तिला तोंड द्यावें लागतें, आणि त्या तोंडावर वारा आदळून वेग खातो. धांव कांहीं मिनिटांचीच. तेवढ्यापुरता बर्फ पुरे होता.

२८ जानेवारीच्या सकाळीं रुडॉल्फ काराचिओला या मोटारींतून निघाला. बारा सिलिंडर, दोन सुपरचार्जर, सातशेंहून अधिक अश्वशक्ति. जातां-येतां दोन्ही धांवांची सरासरी ताशीं ४३२.७ किलोमीटर भरली. म्हणजे एक किलोमीटर अंतर सव्वाआठ सेकंदांच्या किंचित् वर. विक्रम झाला.

थोड्याच वेळानें रोझमायर आपल्या सोळा सिलिंडरांच्या मोटारीसह तेथें होता. वय अवघें अठ्ठावीस. घरीं पत्नी एली बाइनहोर्न ही स्वतः नामांकित वैमानिक, आणि मुलगा अडीच महिन्यांचा. दिवस वर येत होता तसा वाराहि वाढत होता. त्याची एक धांव झाली, ती विक्रमाच्या अगदीं जवळ होती. दुपारीं बाराच्या सुमारास तो पुन्हां निघाला. मोर्फेल्डनजवळ, जेथें दाट झाडी संपून मोकळी जागा लागते, तेथें मोटार रस्त्यावरून ढळली आणि रोझमायर प्राणास मुकला. आडव्या वाऱ्याचा झोत हेंच कारण सामान्यतः मानलें जातें. मोटारीच्या बाह्यांगाचा कांहीं भाग त्या वेगाच्या दाबाखालीं आधींच निकामी झाला असावा, असेंहि कांहीं जाणकार मानतात.

येथें थोडें थांबून विचार करावासा वाटतो. तेलाचा दाटपणा, ठिणगीचा मळ, इंधनाचा गारठा, हे सगळे दोष माणसानें क्रमाक्रमानें शोधले आणि दूर केले. वारा मात्र कोणाच्याहि हातीं नव्हता. त्याच्यावर एकच उपाय होता : थांबणें. पण त्या वेळच्या जर्मनींत थांबणें सोपें नव्हतें. नात्सी सरकारला विक्रम हवे होते आणि दोन कंपन्यांची स्पर्धा त्यांनीं मुद्दाम पोसली होती. तरुणाच्या मृत्यूचाहि त्या राजवटीनें आपल्या गौरवासाठीं उपयोग करून घेतला. यंत्राचा दोष कारागीर शोधतो. परंतु घाईचा, ईर्ष्येचा आणि सत्तेच्या हट्टाचा दोष शोधणारा कारागीर त्या मैदानावर नव्हता.

सार्वजनिक रस्त्यावरचा काराचिओलाचा विक्रम जवळजवळ ऐंशी वर्षें टिकला. नोव्हेंबर २०१७ मध्यें अमेरिकेंतील नेव्हाडा प्रांतांत एका स्वीडिश मोटारीनें तो मोडला. आजच्या इंजिनांत हवेचें, पाण्याचें व तेलाचें तापमान विजेचीं उपकरणें क्षणोक्षणीं मोजतात आणि इंधनाचा हिशेब आपण होऊन बदलतात. गारठलेल्या बोटांनीं बारा प्लग बदलण्याची पाळी येत नाहीं. परंतु वारा सुटला असतां निघावें कीं थांबावें, हें सांगणारें उपकरण अद्यापि माणसाच्या ठायींच आहे. मोर्फेल्डनजवळ त्या रस्त्याच्या कडेला झाडींत रोझमायरचें लहानसें स्मारक उभें आहे. तेथून आजहि मोटारी भरधांव जातात. वाऱ्याचा अंदाज मात्र ज्याचा त्यानेंच घ्यावयाचा असतो.