चालन: पंक्तीपासून इष्टकाळापर्यंत

पोखर्णीच्या नृसिंहाची जयंती वैशाख शुद्ध चतुर्दशीची, पण चतुर्दशी सूर्यास्ताला हवी. म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या या गावी संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला चंद्र-सूर्य कुठे आहेत ते कळलं पाहिजे. आजच्या बऱ्याच पंचांगांतली ग्रहांची पंक्ती, म्हणजे त्यांच्या जागांची ओळ, मात्र पहाटे साडेपाचची असते. साडेपाच का? आपल्या सूर्योदयाशी तिचा संबंध नाही. ग्रिनिचला तेव्हा मध्यरात्रीचे बारा वाजतात. नृसिंहाच्या जयंतीचं गणित असं इंग्लंडमधल्या मध्यरात्रीपासून सुरू होतं!

संगणकावर डिफरन्शियल इक्वेशन सोडवणाऱ्यापुढे हाच पेच असतो: आकडे एका वेळचे, हवे दुसऱ्या वेळचे. रुंगे (1895), कुट्टा (1901), फेलबर्ग, डॉर्मांड-प्रिन्स (1980) ही वंशावळ पाठ्यपुस्तकांत आहेच. यातल्या नंतरच्या रीती उत्तर जिथे सरळ चालतं तिथे लांब ढांगा टाकतात, वळणावर आखूड. आपल्याला उत्तर हवं असतं दर मिनिटाचं. प्रत्येक मिनिटाला थांबायला लावलं तर काम फुकट वाढतं. म्हणून प्रोग्राम आपल्या ढांगांनी पुढे जातो आणि मधल्या वेळचे आकडे वक्ररेषा जुळवून भरतो.

या मधल्या आकड्यांचे मूळपुरुष आपले गणक, असा माझा दावा आहे. पंक्तीची वेळ एक, इष्टकाळ, म्हणजे आपल्याला हवी ती वेळ, दुसरी. मधल्या घटकांना ग्रहाच्या दिनगतीने गुणायचं, साठाने भागायचं. आलेलं ते ‘चालन’. इष्टकाळ पंक्तीनंतरचा असेल तर धन, आधीचा असेल तर ऋण. ग्रह वक्री असेल तर उलट.

‘हे तर नुसतं त्रैराशिक!’ असं कुणीही म्हणेल. मीही तसंच म्हटलं असतं, पण भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीत (1150), स्पष्टाधिकारात, एक श्लोक आहे. तिथ्यंत जवळ असेल तर चंद्राचं चालन तात्कालिक गतीने करावं, लांब असेल तर दिनगतीने; कारण चंद्राची गती क्षणोक्षणी बदलते. जवळ जायचं तर त्या क्षणाची गती, लांब जायचं तर सरासरी. कुठली रीत कुठवर पुरते याचा निवाडा त्रैराशिकवाला करत बसत नाही.

चंद्र दिवसाला कधी पावणेबारा अंश चालतो, कधी सव्वापंधरा. सरळ रेषेने मोजला तर दिवसाच्या मध्यावर दोन-तीन कला चुकतो, म्हणजे तिथीची अखेर चार-पाच मिनिटं सरकते. चतुर्दशी सूर्यास्ताच्या आगेमागेच संपत असेल, तर तेवढ्यावर अख्खी जयंती एक दिवस इकडची तिकडे.

प्रतिस्पर्धी तगडा आहे: ब्रह्मगुप्त. त्याने खण्डखाद्यकात (665) दुसऱ्या फरकापर्यंत जाऊन मधले आकडे काढले, आणि निव्वळ गणित पाहिलं तर ते भास्कराचार्यांच्या चालनाहून सरस आहे. पण ते ‘ज्या’ म्हणजे साइनच्या कोष्टकासाठी होतं. तिथे कोनामधला कोन विचारलेला आहे, वेळेमधली वेळ नाही. म्हणून मी त्याला चुलत आजोबा मानतो.

चालन युरोपात गेलं आणि तिथून प्रोग्राममध्ये शिरलं, असं मात्र म्हणवत नाही. तिकडे हे स्वतंत्रपणेच सुचलं. पण पंक्तीत ग्रहासोबत त्याची गतीही असते. आजची आणि उद्याची पंक्ती घेतली की दोन जागा आणि दोन गती हाती येतात. गती त्या-त्या क्षणाच्या असल्या तर घन वक्र बसवायला एवढंच लागतं, आणि आजचे प्रोग्राम मधले आकडे भरताना पुष्कळदा हेच चार आकडे वापरतात. हर्मिटच्या नावाने चालणाऱ्या रीतीचं सगळं सामान पंचांगाच्या पानावर मांडलेलं होतं.

हे सामान परभणीला परकं नव्हतं. पार्थपूरच्या, म्हणजे आजच्या पाथरीच्या, ज्ञानराजाने 1503 मध्ये सिद्धान्तसुन्दर लिहिला. पोखर्णीच्या जयंतीचा निर्णय कधीकाळी त्याच्याच परंपरेतल्या कुणा गणकाने दिला असणार, असं मी बेधडक धरून चालतो.

मॅटलॅबमधल्या ‘ओडीई45’ या इक्वेशन सोडवणाऱ्या प्रोग्रामला वेळा नेमून दिल्या नाहीत, तर तो दर पावलाला उत्तराचे चार आकडे देतो. त्यातला एक हिशेबाने आलेला असतो, तीन मध्ये भरलेले.