अस्वलाचे वादळ

अस्वल म्हटले की मागल्या पिढीतल्या माणसांना दरवेशी आठवतो. वेसण घातलेले ते जनावर दारी येई, मागल्या पायांवर नाचे, आणि घरातली आई त्याचा एक केस बाळाच्या ताइतासाठी मागून घेई. अस्वल आपल्यासाठीच जन्मले आहे, असे माणसाला वाटावे असाच तो थाट होता.

पण वाचकहो, रानातल्या अस्वलाला यातले काहीच ठाऊक नसते. जपानच्या उत्तरेस होक्काइदो नावाचे बेट आहे. तिथल्या मूळच्या आयनू लोकांनी अस्वलाला देव मानले. १८६९ नंतर बाहेरून आलेल्या गरीब शेतकऱ्यांनी तिथले रान तोडून वस्त्या वसवल्या. सांकेबेत्सु ही त्यांतलीच एक. १९१५ च्या नोव्हेंबरात एक भले थोरले अस्वल तिथे वाळत घातलेल्या मक्यावर आले. लोकांनी बंदूक झाडली. ते रानात पळाले.

९ डिसेंबरला ते एका घरात शिरले. एक मूल आणि एक बाई प्राणास मुकली. बाईचे प्रेत त्याने ओढत नेऊन बर्फात पुरले. दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी ते शोधून घरी आणले, आणि रात्री माणसे प्रेताजवळ बसली असता अस्वल पुन्हा आत घुसले. माणसांच्या लेखी ती घरची लक्ष्मी होती. अस्वलाच्या लेखी तो हिवाळ्याचा साठा होता. त्याच रात्री, बायकामुले आसऱ्याला जमलेल्या दुसऱ्या घरावरही ते गेले. दोन दिवसांत सात जीव गेले. त्यांतला एक तर अजून आईच्या पोटातच होता.

१४ डिसेंबरला यामामोतो हेइकिची या शिकाऱ्याने ते टिपले. वजन भरले सुमारे ३४० किलो. मग हिमवादळ उठले, आणि लोक म्हणाले, हे अस्वलाचे वादळ! पण त्या मुलखात डिसेंबरात वादळे व्हायचीच.

गावच्या मुखियाच्या लहानग्याने शपथ घेतली: एका जिवामागे दहा अस्वले मारीन. मोठेपणी त्याने शंभरावर मारली. त्यांतल्या एकालाही आपण कशाची शिक्षा भोगतो आहोत हे कळले नसेल. ती वस्ती पुढे उठली, आणि रान पुन्हा वाढले. जागा मोकळी झाली होती, एवढेच.