गुलाबदाणी हातात घेऊन

तुमच्या हातात गुलाबदाणी आहे. लग्नाच्या दारात उभ्या केलेल्या पोरीच्या हातात असते तशीच, लांब मानेची, शेंड्याला बारीक भोकं असलेली. पाहुण्यांच्या रांगांमधून फिरायचं आणि अधूनमधून शिंपडायचं, एवढंच काम. चाकरी बरी आहे. गुलाबदाणीवाल्याकडे कुणी पाहत नाही आणि त्याला कुणी अडवतही नाही. तेव्हा सरका पुढे, त्या घोळक्यात.

शहर बगदाद. इसवी सनाचं दहावं शतक नुकतं लागलंय. लोडाला टेकून बसलाय तो खलिफा अल-मुक्तफी. 902 साली गादीवर आला, 908 साली जाईल. ते त्याला ठाऊक नाही, तुम्हाला आहे. त्याच्या पुढ्यात एक पट पसरलेला आहे आणि सगळ्यांच्या माना तिकडेच वळलेल्या आहेत.

पटावर पहिली नजर टाकाल तर गोंधळाल. काळी-पांढरी घरं नाहीत, नुसत्या उभ्या-आडव्या रेघा. चौसष्ट घरं, सगळी एकाच रंगाची. तिरकी चाल बघायची तर डोळ्यांनी मनातल्या मनात रेघ ओढावी लागते. मोहऱ्यांना नाक-डोळे नाहीत. डोक्यावर दोन उंचवटे असलेला तो हत्ती, एकच टोक पुढे काढलेला घोडा, माथ्याला खाच पडलेला तो रुख. प्यादी म्हणजे छोटे घुमट.

आता जरा सावध. घरी तुम्ही कोपऱ्यात हत्ती ठेवता आणि घोड्याशेजारी उंट. इथे कोपऱ्यात रुख आहे, आणि तुमच्या उंटाच्या जागी हत्ती, म्हणजे फील. तो तिरका जातो खरा, पण बरोबर दुसऱ्या घरात उडी मारून. ना कमी, ना जास्त. राजाशेजारचा फिरझान म्हणजे आपला वजीर. पण त्याचा रुबाब विसरा. तिरकं एक घर, बस्स. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकतं, आपल्या जुन्या देशी बुद्धिबळात सरकायचं तसं. हा खेळ भारतातून इराणात आणि इराणातून इथे आला. चतुरंगाचा चत्रंग झाला, चत्रंगाचा शतरंज. शब्दांची उलटी वारीही झाली: हे लोक पटावर जे ‘शाह’ म्हणून पुकारतात, तेच आपण ‘शह’ म्हणून राजकारणात देतो आणि खातो.

वजीर लंगडा, प्यादी गोगलगायी. मग दोन्ही फौजांची गाठ पडायलाच डझनभर खेळ्या जातात. तेवढ्या वेळात करायचं काय? इथल्या उस्तादांनी उत्तर काढलंय: मांडणी करायची. आधी आपली फौज एका ठरावीक नक्षीत बसवायची आणि मग हात घालायचा. या नक्षीला ते ‘तबिया’ म्हणतात. शब्द रणांगणातला आहे, अर्थ व्यूह. प्रत्येक व्यूहाला नाव आहे. मुजन्नह म्हणजे पंखवाली. सय्याल म्हणजे लोंढा. मशायखी म्हणजे शेखांची, बुजुर्गांची. तुमच्या सिसिलियन आणि फ्रेंच ओपनिंगच्या या पणज्या.

पटाच्या एका बाजूला बसलाय अल-मावर्दी, खलिफाचा लाडका. समोर नवा माणूस, अबू बक्र अस-सूली. कुळ तुर्की, पूर्वज जुर्जानचे सत्ताधारी. हा मात्र लेखणीवर जगणारा. खलिफाच्या कानावर त्याची तारीफ गेली म्हणून त्याला बोलावलंय.

डाव सुरू होतो आणि खलिफा पंचाची भूमिका सोडून सरळ प्रेक्षकांत जातो. मावर्दीची प्रत्येक खेळी उचलून धरतो, उघड उघड. सूली बिचकतो. मोहरं उचललेला हात किंचित रेंगाळतो. तुम्ही मान लांब करून बघायला जाता, तर नेमका एका मुनशीचा फेटा मध्ये येतो. तुम्ही त्याच्यावर चार थेंब जास्तच उडवता, तरी तो हलत नाही.

फेटा बाजूला होतो तेव्हा पटावरचं वारं फिरलेलं असतं. सूली आता खलिफाकडे बघत नाही, मावर्दीकडेही नाही. त्याचा हात रेंगाळत नाही. मावर्दी मात्र प्रत्येक खेळीआधी दाढी कुरवाळू लागलाय. मग सगळं इतकं साफ होतं, की पक्षपाती यजमानालाही शंका घ्यायला जागा उरत नाही.

दालन गप्प. खलिफा आपल्या लाडक्याकडे वळतो. मावर्दी म्हणजे गुलाबपाणीवाला. त्या नावावरच तो कोटी करतो: तुझ्या गुलाबपाण्याचं मूत झालं, अशा अर्थाची. हास्याचा फवारा उडतो. तुम्ही गुलाबदाणी हळूच पाठीमागे लपवता.

बाहेर आल्यावर तैग्रिसच्या काठी उभे राहून तो डाव आठवून बघा. पहिली खेळी? दुसरी? सूली सावरला तो नेमका कुठे? काहीच हाती लागत नाही. आठवते ती कोटी. वाईट वाटून घेऊ नका. पुढे इतिहासकार मसूदी हा प्रसंग लिहील, तोही कोटीच लिहील. डाव दालनातच विरून गेला.

पण सूली हा विरून जाऊ देणाऱ्यांतला नाही. तीसेक वर्षं पुढे या आणि त्याच्या घरी डोकवा. मुक्तफी कधीच गेला. सूलीने ज्याला शिकवलं तो अर-रादी आता, 934पासून, खलिफा आहे. एकदा सगळे दरबारी बागेतल्या फुलांचं कौतुक करत असताना हा रादी म्हणाला होता, की सूलीचा खेळ या बागेहून देखणा आहे. खोलीत पुस्तकांच्या रांगा आहेत. प्रत्येक रांगेची बांधणी वेगळ्या रंगाच्या चामड्याची: एक तांबडी, एक हिरवी, एक पिवळी. शतरंजच्या पटाला रंग नव्हते, ते सगळे इथे आलेत.

त्यातलं एक पुस्तक आहे अल-अद्लीचं. नवव्या शतकातला हा मोठा खेळाडू. शतरंजवर पहिलं नाव घेण्याजोगं पुस्तक त्याचंच. मोहऱ्यांची किंमत इथल्या उस्तादांनी चक्क दिरहमात मांडली: रुख एक दिरहम, घोडा दोन तृतीयांश, फील पाव. मधलं प्यादंही पावच. म्हणजे तुमच्याकडचा डौलदार उंट इथे प्याद्याच्या भावाने विकला जातो. सूलीने अद्लीचं पुस्तक बारकाईने वाचलंय आणि त्यावर सडकून टीका करणारं स्वतःचं पुस्तक लिहिलंय. आधी एकाने लिहावं, दुसऱ्याने त्यातल्या चुका काढाव्यात, तिसऱ्याने दोघांना पुढे न्यावं. शास्त्र असंच उभं राहतं, मग ते व्याकरण असो की प्याद्यांची चाल.

जाता जाता त्याचं एक कोडं बघून घ्या. पटावर चारच मोहरी, दोन राजे आणि दोन वजीर. इथल्या नियमाने राजा एकटा पडला की हरला, म्हणून लंगड्या वजिराच्या मागे चाललेली ही शिकार. सूलीचा दावा असा, की मी ज्यांना शिकवलं त्यांच्याखेरीज पृथ्वीवर हे कुणाला सुटलेलं नाही. उत्तर त्याने लिहून ठेवलं नाही. ते सापडायला रशियन ग्रँडमास्टर यूरी आवेरबाखपर्यंत, म्हणजे 1980च्या दशकापर्यंत थांबावं लागलं. हजार वर्षं!

940 साली रादी वारला आणि सूलीचे दिवस फिरले. 946च्या सुमारास तो बसऱ्यात, लपूनछपून आणि हलाखीत मेला. तिथे जाऊ नका. आपण शिराझला जाऊ.

हा फार्स प्रांत, इथल्या जूरचं गुलाबपाणी दूरदूर जातं, तेव्हा तुमची गुलाबदाणी इथे शोभून दिसते. राज्य बुवैही अदुद अद-दौलाचं. त्याच्या आश्रयाला आलेला एक म्हातारा पटावर वाकून बसलाय. हा सूलीचा शिष्य, अबुल-फरज मुहम्मद. पण सगळे त्याला अल-लजलाज म्हणतात, म्हणजे तोतरा. शब्द ज्याच्या जिभेवर अडतात, त्याने खेळ्या मात्र कागदावर न अडखळता उतरवल्यात.

त्याचा कागद नीट बघा, कारण ज्याला तुम्ही ओपनिंगचं शास्त्र म्हणता ते इथे नुकतं रांगायला लागलंय. नुसती तबिया म्हणजे रांगोळी: आपल्या दारात, आपल्या हाताने, शेजारी काय काढतोय ते न बघता. लजलाजच्या कागदावर दोन्ही दारं आहेत. इकडून मुजन्नह आली, तिकडून मशायखी आली, आता पुढे काय? त्याने हे केलं तर मी काय करू, ते केलं तर काय, आणि का? फाट्याला फाटा फुटत जातो. दरबारातला डाव हरवला, पण ‘त्याने असं केलं तर’ हा प्रश्न टिकला. आजही ओपनिंगमधून निघणाऱ्या ठरलेल्या स्थितीला जगभरचे खेळाडू ‘तबिया’च म्हणतात.

म्हातारा वर बघतो. गुलाबदाणी खाली ठेव, अशी खूण करतो आणि पट तुमच्याकडे फिरवतो. बोलत नाही. स्वतःचं एक प्यादं एक घर पुढे सरकवतो आणि हात मांडीवर ठेवून थांबतो.

तुमचं उत्तर तयार असतं. लहानपणापासून हाताला सवय आहे. राजापुढचं प्यादं उचलता आणि ऐटीत दोन घरं पुढे ठेवता.

लजलाज बोट पुढे करतो आणि प्यादं हळूच एक घर मागे ओढतो. मग कागद जवळ घेतो, बोरू दौतीत बुडवतो आणि तुमच्या खेळीसमोर आपलं उत्तर लिहू लागतो.