चहाच्या दुकानांचे गणकयंत्र

व्यापारी हिशेबाचे नित्याचे काम इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रावर जगात प्रथम कोणी सोपविले असेल, असा प्रश्न विचारला, तर एखाद्या मोठ्या बँकेचे, विमा कंपनीचे किंवा रेल्वेचे नाव ओठांवर यावे. वस्तुस्थिती निराळी आहे. हा मान लंडनमधील चहा, पाव आणि केक विकणाऱ्या जे. लायन्स आणि कंपनीकडे जातो. २९ नोव्हेंबर १९५१ रोजी या कंपनीच्या भट्ट्यांतून निघणाऱ्या मालाच्या किमतीचा हिशेब तिच्या स्वतःच्या गणकयंत्राने केला आणि पुढे ते काम आठवड्यामागून आठवडा नियमितपणे चालू राहिले. चहावाल्यांना हे यंत्र का सुचावे, याचे उत्तर त्यांच्या धंद्याच्या स्वरूपातच आहे.

लायन्सचे पहिले चहाचे दुकान १८९४ साली लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर उघडले. पुढे अशा दुकानांची संख्या दोनशेच्या वर गेली. गिऱ्हाईक यावे, चहाचा पेला आणि केकचा तुकडा घ्यावा, चार पेन्स द्यावेत नि जावे, असा हा व्यवहार. एकेका व्यवहारातील नफा अत्यल्प; परंतु त्याची नोंद, बेरीज आणि पडताळा यांसाठी लागणारा कारकुनी खर्च मात्र चुकत नसे. ज्या घरात पैपैचा हिशेब ठेवावा लागतो, तेथे हिशेब ठेवण्याचाच खर्च कमी करणे ही चैन नव्हे, गरज ठरते.

ही गरज ओळखणारा माणूस म्हणजे जॉन सिमन्स. केंब्रिज येथे गणिताचे उच्च शिक्षण घेतलेला हा तरुण १९२३ साली कंपनीत आला. कचेरीतील प्रत्येक कागद कोठून येतो, कोणाकडे जातो आणि त्याचा उपयोग काय, हे तपासणारा एक स्वतंत्र विभागच १९३०नंतरच्या वर्षांत कंपनीने चालविला. म्हणजे यंत्र येण्यापूर्वी दोन दशके त्या कचेरीत कामाच्या पद्धतीचा अभ्यास सुरू होता. यंत्र पुढे यशस्वी झाले, त्याचे बरेचसे श्रेय या पूर्वतयारीला द्यावे लागते.

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर, १९४७ साली, टॉमस रेमंड टॉम्प्सन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड हे कंपनीचे दोन अधिकारी अमेरिकेतील कचेऱ्यांची व्यवस्था पाहण्यास गेले. कचेऱ्यांत त्यांना फारसे नवे आढळले नाही. प्रिन्स्टन येथे मात्र हर्मन गोल्डस्टाइन या गणितज्ञाने त्यांना सांगितले की, असे यंत्र त्यांच्याच देशात, केंब्रिज विद्यापीठात तयार होत आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असाच हा प्रकार! परत आल्यावर त्यांनी संचालकांपुढे अहवाल ठेवला. कंपनीने विद्यापीठाला ३,००० पौंडांची देणगी दिली आणि आपला एक कुशल तंत्रज्ञ मदतीस पाठविला. मॉरिस विल्क्स यांचे ‘एडसॅक’ हे यंत्र ६ मे १९४९ रोजी चालू झाले आणि त्याचा आराखडा डोळ्यांपुढे ठेवून लायन्सने आपले यंत्र बांधावयास घेतले. बांधणीची जबाबदारी जॉन पिंकर्टन या अभियंत्याकडे होती. यंत्राचे नाव ‘लिओ’, म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. त्यात हजारो व्हॉल्व्ह होते आणि पारा भरलेल्या नळ्यांत ध्वनिलहरींच्या रूपाने आकडे साठविले जात.

विद्यापीठातील यंत्र आणि व्यापारी यंत्र यांत मोठा भेद होता. शास्त्रज्ञाला थोडे आकडे देऊन दीर्घ गणित करवावयाचे असते. व्यापाऱ्याला उलट असंख्य आकडे देऊन अगदी साधे गणित हवे असते. त्यामुळे खरी अडचण गणिताची नसून आकडे आत घालण्याची आणि उत्तरे बाहेर काढण्याची होती. त्यासाठी प्रथम चुंबकीय फितीची अगदी नवी योजना निवडण्यात आली. ती भरवशाने चालेना. अखेर ती सोडून छिद्रे पाडलेली कार्डे आणि कागदी फिती या परिचित साधनांचा आश्रय करावा लागला. अत्याधुनिक साधनापेक्षा रोज खात्रीने चालणारे साधन श्रेष्ठ, हा धडा त्या निवडीने दिला आणि तो शिकण्यात बराच काळ खर्ची पडला.

पगारपत्रकाच्या कामातही हीच सावधगिरी दिसते. हिशेबात कुशल असलेल्या कारकुनाला एका नोकराच्या पगाराला सुमारे ८ मिनिटे लागत; लिओ ते काम दीड सेकंदात करी. तरीही १९५३च्या अखेरीस आरंभ करताना जुनी पद्धत लगेच बंद केली गेली नाही. दोन्ही हिशेब काही आठवडे समांतर चालले. ते जुळतात अशी खात्री झाल्यावरच, १९५४च्या प्रारंभी, यंत्रावर विसंबण्यात आले. पगार एक दिवस जरी चुकला, तरी कामगाराच्या चुलीशी त्याचा संबंध येतो, याचे भान त्यामागे होते.

सर्वांत शिकण्यासारखे काम मात्र दुकानांच्या मागणीचे. प्रत्येक दुकानाची व्यवस्थापिका दुसऱ्या दिवसासाठी लागणाऱ्या मालाची लांबलचक यादी रोज भरीत असे. डेव्हिड कॅमिनर आणि त्यांचे सहकारी यांनी ती पद्धत मुळापासून तपासली. आठवड्यातील प्रत्येक वारासाठी दुकानाची मागणी साधारण ठरलेली असते, हे ध्यानी घेऊन त्यांनी ती कायमची नोंदवून ठेवली. व्यवस्थापिकेने दूरध्वनीवरून फक्त बदल कळवावयाचा. तो ऐकता ऐकताच कार्डावर छिद्रे पडत. त्यातून भट्ट्यांना एकूण मागणी मिळे, कोणत्या दुकानाला काय पाठवावयाचे ते कळे आणि विक्रीचे आकडेही आपोआप हाती येत. सर्व माहिती मागण्याऐवजी नेहमीपेक्षा निराळे काय घडले तेवढेच विचारावे, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात उतरले.

पुढे १९५४ साली गणकयंत्रे विकण्यासाठी लायन्सने स्वतंत्र कंपनी काढली. परंतु यंत्रनिर्मितीला लागणारे भांडवल चहाच्या धंद्याला पेलणारे नव्हते. १९६३ साली ती कंपनी इंग्लिश इलेक्ट्रिकशी जोडली गेली, १९६५ साली पहिले लिओ बंद करण्यात आले आणि १९६८ साली हा वारसा ‘आयसीएल’ या मोठ्या संस्थेत विलीन झाला. स्वतः लायन्स १९७८ साली दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली. तिची ती जुनी चहाची दुकानेही एकामागून एक बंद पडली.

येथे एक कटू सत्य समोर येते. किती केक खपले, हे लिओ अचूक सांगत असे. लोकांच्या खाण्यापिण्याच्या सवयीच पालटत आहेत, त्याला काय करावे, हे ठरविणे मात्र माणसांचेच काम होते. १९५८ साली हान्स पीटर लून यांनी व्यापारी माहितीच्या पद्धतीवर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला आणि त्यानंतर अशा पद्धतींची मोठी बाजारपेठ उभी राहिली. आज मोठ्या कंपन्या अशी व्यवस्था निवडतात, तेव्हा यंत्राचा वेग आणि किंमत यांची चर्चा प्रथम होते. लायन्सच्या मंडळींनी त्याआधी एक साधा प्रश्न विचारला होता : हा कागद कोणासाठी, आणि तो वाचून तो मनुष्य काय करणार? त्या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्यापाशी आहे, त्यांनाच यंत्र उपयोगी पडते.